मतांची गुणपडताळणी

महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. दुसऱ्याच दिवशी मोजणी व्हावयाची होती. परंतु न्यायालयात गेलेल्या वादांमुळे काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर ढकलावे लागले, आणि एका गावच्या निकालाचा परिणाम दुसऱ्या गावच्या मतदारांवर होऊ नये म्हणून सर्वांचीच मोजणी २१ डिसेंबरला करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला. मधले एकोणीस दिवस मतदानयंत्रे कुलुपात होती आणि कुलुपाबाहेर, ऐन थंडीत, कित्येक गावी उमेदवारांची माणसे पहारा देत बसली होती. या पहारेकऱ्यांची पुष्कळांनी थट्टा केली. आम्हांस त्यात थट्टेजोगे काही दिसत नाही. ज्याने वर्षभर आळीतल्या नळाचे आणि गटाराचे गाऱ्हाणे वाहिले, घरोघर जाऊन मत मागितले, त्याने आपल्या मताची राखण करावी हे स्वाभाविकच होय. परंतु त्या पहाऱ्यात एक करुण गोष्ट होती. दाराचे कुलूप शाबूत आहे, मोहोर फुटलेली नाही, एवढेच त्यांना पाहता येत होते. यंत्रातून जो आकडा बाहेर पडेल तो मतदारांनी दाबलेल्या बटणांचाच असेल की नाही, हे पडताळून पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापाशीही नव्हते, आणि उद्या एखाद्या न्यायाधीशाने मागितले तर त्यालाही ते मिळण्यासारखे नाही. कारण या निवडणुकांत कागदच नव्हता.

पुढे १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांचे मतदान झाले, तेही याच रीतीने. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती; जवळजवळ चार वर्षे हे शहर प्रशासकाच्या हाती होते, आणि ज्या तिजोरीच्या किल्ल्या निवडणुकीने पुन्हा लोकप्रतिनिधींकडे यावयाच्या होत्या तिचे २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या मतांचा हिशेब दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तपासता येऊ नये, याचे आश्चर्य शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटेनासे झाले आहे. आम्हांस ते वाटते.

लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीच्या काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर आपण निवडलेल्या उमेदवाराचे नाव व चिन्ह असते, आणि मग ती कापली जाऊन पेटीत पडते. हेच ते व्हीव्हीपॅट. मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि उद्या हाताने मोजता येईल असा हा पुरावा होय. असा कागदी पुरावा मुक्त व निःपक्षपाती निवडणुकीस अपरिहार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात म्हटले. एप्रिल २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठी उचलून निवडावी आणि तेथील कागद हाताने मोजावे अशी व्यवस्था झाली. आणि यंत्राचा आकडा व कागदाचा आकडा यांत फरक पडला तर कागदाचा आकडा ग्राह्य धरावा, असा नियमच आहे. ही व्यवस्था पुरेशी की अपुरी, यावर वाद घालता येईल. पण वाद घालावयास तेथे निदान काही आहे. पालिकेच्या निवडणुकीत तोच मतदार बहुधा त्याच शाळेच्या त्याच वर्गखोलीत जातो, तसलेच बटण दाबतो, एक लांब शिट्टी ऐकतो आणि घरी परततो. त्या शिट्टीखेरीज त्याच्या मताची दुसरी खूण जगात उरत नाही.

राज्य निवडणूक आयोगाने याचे मुख्य कारण बहुसदस्यीय प्रभागांचे सांगितले. मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांत एका प्रभागातून बहुधा चार सदस्य निवडावयाचे असतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी मतदारास वेगळे बटण दाबावे लागते. अशा यंत्रास जोडता येईल अशी चिठ्ठीची पेटी तयार नाही आणि कायद्यातही तशी तरतूद नाही, असे हे म्हणणे आहे. चार जागांची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु मुंबईत २२७ प्रभाग असून प्रत्येकातून एकच सदस्य निवडला जातो. तेथे ही अडचण कोठून आली? एक मतदार, एक मत, एक बटण. लोकसभेला जी पेटी चालते ती येथे का चालू नये, याचा उलगडा या कारणाने होत नाही. राहिली कायद्याची तरतूद. राज्यघटनेच्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्तीने स्थानिक निवडणुकांचे नियंत्रण राज्य आयोगाकडे दिले आणि त्याविषयीचे कायदे करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होऊन बारा वर्षे लोटली. या अवधीत प्रभाग बहुसदस्यीय करणारा, मग तो एकसदस्यीय करणारा, मग पुन्हा सदस्यांची संख्या बदलणारा असे कायदे आपल्या विधिमंडळाने ज्या तत्परतेने केले ती तत्परता वाचकांस स्मरत असेल. कागदाच्या एका नियमासाठी तेवढी सवड कोणत्याही पक्षाच्या सरकारास झाली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. यंत्रे फितूर आहेत, निकाल कोणी फिरविले, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून असे बोलणे हे बेजबाबदारपणाचे आहे. मतपत्रिकांच्या जुन्या काळाविषयी भाबडा जिव्हाळाही आम्हांस नाही. दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का उमटल्यामुळे बाद झालेली मते आणि केंद्र बळकावून भरलेल्या पेट्या याच देशाने पाहिल्या आहेत. आमच्या मनात आहे ती चूक. साधी, निर्हेतुक, कोणाच्याही हातून होणारी चूक.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवीत होतो. तेथील मुख्याध्यापकांचा एक दंडक असे. प्रत्येक शिक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज दुसऱ्याने पुन्हा करावयाची, आणि गठ्ठ्यातून कोणत्याही पाच उत्तरपत्रिका उपसून मुख्याध्यापक स्वतः पाहावयाचे. तरुण वयात आम्हांस याचा राग येई. हा आपल्या सचोटीवर अविश्वास आहे असे वाटे. एका वर्षी एका मुलाच्या पुरवणीवरील अकरा गुण पहिल्या पानावर घ्यावयाचे आमच्या हातून राहून गेले. बेरीज करणाऱ्या बाईंनी ते दाखविले नसते तर तो मुलगा नापास झाला असता, आणि त्याने मुकाट्याने ते सोसलेही असते, कारण चूक झाली आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. तेव्हापासून त्या दंडकाचा राग गेला. शालान्त परीक्षेला आज नियामक असतात, गुणपडताळणी असते, स्वतःच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. दहावीच्या मुलाला जी सोय आपण दिली आहे, ती प्रभागातील हजारो मतदारांना मात्र दिलेली नाही.

स्थानिक निवडणुकीतील चूक किती लहान असते आणि तिचा निकाल लागावयास किती काळ जातो, याचे उदाहरण हरियाणात घडले. पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू या गावी २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावरील दोन उमेदवारांच्या आकड्यांची कागदावर उतरविताना अदलाबदल झाली, असा वाद निघाला. आधी एक निवडून आला असे सांगण्यात आले, त्याच दिवशी फेरमोजणी होऊन दुसरा आला असे सांगण्यात आले, आणि तेथून जे न्यायालयीन चक्र सुरू झाले ते पार दिल्लीपर्यंत गेले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या गावची यंत्रे आपल्या आवारात मागविली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयातील अधिकाऱ्याने मते पुन्हा मोजली, तेव्हा मोहित कुमार यांना १,०५१ आणि कुलदीप सिंग यांना १,००० मते निघाली. एक्कावन मतांनी जिंकलेला सरपंच पावणेतीन वर्षांनी आपल्या खुर्चीवर बसला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खेड्याची मते मोजावी याचे कौतुक पुष्कळांनी केले, आणि ते योग्यच होते. पण आमच्या मनात निराळा विचार आला. त्या केंद्राच्या आकड्यांवरून दुसऱ्या कोणी त्याच संध्याकाळी पुन्हा नजर फिरविली असती तर हे काम दहा मिनिटांचे होते.

बुआना लाखूची चूक लेखणीची होती. यंत्रात बरोबर आकडा होता, कागदावर चुकीचा उतरला होता. म्हणून यंत्र पुन्हा वाचताच ती सापडली. चूक यंत्राच्या आतच असती तर प्रबंधकांनी ते शंभर वेळा वाचले तरी शंभर वेळा तोच आकडा निघाला असता. २०१७ साली मुंबईच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना फेरमोजणीनंतरही प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि नगरसेवक कोण हे ईश्वरचिठ्ठीने ठरवावे लागले. त्या प्रसंगी 'फेरमोजणी' हा शब्द सर्वांनी वापरला. तिचा अर्थ काय? त्याच यंत्राचे तेच बटण पुन्हा दाबणे. एका मताने जेथे पारडे फिरले असते तेथे आपण ईश्वराचा कौल घेतला, पण मतदाराचा कौल दुसऱ्या मार्गाने तपासण्याची सोय ठेवली नव्हती.

यंत्राच्या आत चूक होते तरी कशी, असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतील दोन लहान निवडणुका सांगण्यासारख्या आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मतपत्रिका कागदाचीच असते. मोजावयाचे काम तेवढे यंत्र करते. न्यू हॅम्पशायर राज्यातील विंडम या गावी ३ नोव्हेंबर २०२० रोजी राज्य विधिमंडळाच्या चार जागांसाठी मतदान झाले. मतदाराने चार नावांपुढील वर्तुळे भरावयाची. आपल्या चारसदस्यीय प्रभागाचेच हे भावंड म्हणावे. क्रिस्टी सेंट लॉरेंट या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाई अवघ्या २४ मतांनी पराभूत झाल्या. इतक्या थोड्या मतांनी हरलेल्या कोणीही केले असते तेच त्यांनी केले, हाताने मोजणी मागितली. मोजणी झाली तेव्हा बाईंचीच ९९ मते कमी भरली, आणि समोरच्या पक्षाच्या चारही उमेदवारांची प्रत्येकी सुमारे तीनशे मते वाढली! निकाल फिरला नाही, उलट पक्का झाला; पण यंत्र आणि हात यांच्यात एवढी तफावत का, हे कोणालाच सांगता येईना. गावात नाना तर्क सुरू झाले. अखेर राज्याने खास कायदा करून मे २०२१ मध्ये तज्ज्ञांकरवी चौकशी करविली.

तज्ज्ञांना जे सापडले ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. टपालाने पाठवावयाच्या मतपत्रिका घड्या घालण्याच्या एका यंत्रातून काढल्या होत्या. ती घडी नेमकी सेंट लॉरेंट बाईंच्या नावापुढील वर्तुळावरून गेली. मोजणी-यंत्राने घडीची रेघ ही मताची खूण समजून घेतली. ज्या मतदाराने दुसऱ्या पक्षाच्या चौघांना मते दिली होती, त्याच्या कागदावर यंत्राला पाच खुणा दिसल्या. चारऐवजी पाच, म्हणून ती सगळीच मते बाद. ज्याने चारांहून कमी नावांना मत दिले होते, त्याचे एक मत न मागता बाईंना मिळाले. यात कोणाचे कारस्थान नव्हते. एक घडी होती. ती घडी कोणत्याही तज्ज्ञाने यंत्राची आज्ञावली वाचून सापडण्यासारखी नव्हती. ती सापडली याचे कारण एवढेच की कागद जपून ठेवलेला होता आणि एका पराभूत बाईला तो हाताने मोजून मागण्याचा हक्क होता.

दुसरे उदाहरण जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्याचे. तेथील परगणा मंडळाच्या एका जागेसाठी मे २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक झाली. यंत्रांच्या हिशेबाने मिशेल लाँग स्पिअर्स या बाई तिसऱ्या आल्या, म्हणजे स्पर्धेतूनच बाद झाल्या. परंतु काही केंद्रांवर मतदानाच्या दिवशीची त्यांची मते शून्य दाखविली होती, आणि त्यांत त्या स्वतः जेथे राहतात ते केंद्रही होते. स्वतःचे मत तरी कोठे गेले, हा प्रश्न कोणालाही पडेल. एका उमेदवाराने माघार घेतली होती, मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या, त्यामुळे यंत्रांची मांडणी पुनःपुन्हा बदलावी लागली आणि तीत घोटाळा झाला होता. कागद हाताने मोजले तेव्हा त्या तिसऱ्या नव्हे, पहिल्या निघाल्या, आणि पुढच्या फेरीत निवडूनही आल्या. उमेदवाराची माघार, सीमांचे बदल, ऐन वेळी यंत्रांची मांडणी: यांपैकी कोणती गोष्ट महाराष्ट्रातल्या पालिका निवडणुकीत घडत नाही, ते वाचकांनीच सांगावे. फरक एवढाच की आपल्याकडील एखाद्या उमेदवाराला आपल्या केंद्रावर शून्य मते दिसली, तर त्याने कितीही तळमळून सांगितले तरी मोजून दाखवावयास काहीही नाही. निवडणूक अर्ज करण्यास महापालिका कायद्याने त्याला दहा दिवस दिले आहेत. त्या दहा दिवसांत त्याने कशाचा पुरावा गोळा करावा?

यावर एक उत्तर हमखास मिळते. केंद्रीय निवडणूक आयोगाने चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या मोजून पाहिल्या आणि यंत्राशी त्यांचा मेळ बसला. सर्वोच्च न्यायालयानेही २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सरसकट सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मग पालिकेसाठीच हा संशय कशाला? आम्हांस हे उत्तर आमच्याच बाजूचे वाटते. चार कोटी चिठ्ठ्या मोजल्या म्हणून तर आयोग असे छातीठोकपणे सांगू शकला. राज्य आयोगास एका चिठ्ठीच्या बळावरही असे सांगता येणार नाही. लोकसभेच्या यंत्रांची कसोटी झाली एवढ्यावरून निराळ्या रचनेच्या, चार-चार जागांच्या यंत्रांनाही ते प्रशस्तिपत्र लागू करणे म्हणजे थोरल्या भावाच्या गुणपत्रिकेवर धाकट्याला वरच्या वर्गात घालण्यासारखे आहे. तज्ज्ञांनी यंत्र तपासले आहे, हे दुसरे उत्तर. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी यावर निर्णय दिला, तो आम्हांस मननीय वाटतो. मतदानाचे व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकास विशेष तांत्रिक ज्ञानावाचून पडताळता आले पाहिजेत, असे म्हणून त्या न्यायालयाने तेथील कागदरहित यंत्रे अवैध ठरविली.

हाताने मोजणारेही चुकतात, हे मात्र खरे आहे. दमलेली माणसे रात्री दोन वाजता गठ्ठे मोजतात तेव्हा काय होते हे निवडणुकीच्या कामावर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. यास्तव यंत्रे टाकून पुन्हा सगळी मोजणी हातांवर सोपवा, असे आम्ही म्हणत नाही. यंत्राने मोजावे आणि हाताने तपासावे. किती तपासावे, याचा विचार मात्र नीट झाला पाहिजे, कारण विधानसभेचे 'पाच केंद्रे' हे माप प्रभागाला तसेच्या तसे लावून भागणार नाही. समजा, एका प्रभागात ४० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी दोन केंद्रांच्या आकड्यांत दोष आहे. चिठ्ठी टाकून दोनच केंद्रे तपासली, तर दहांपैकी नऊ वेळा तो दोष निसटून जाईल. दहा केंद्रे तपासली तरी निम्म्याहून अधिक वेळा निसटेल. विजयी उमेदवार पाच हजार मतांनी पुढे असेल तर अशा दोन केंद्रांनी काही बिघडत नाही. तो पन्नास मतांनी पुढे असेल तर त्या दोन केंद्रांतच सगळा निकाल आहे. म्हणून मताधिक्य जितके कमी तितकी तपासणी अधिक, हे तत्त्व धरले पाहिजे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने नोव्हेंबर २०१७ च्या स्थानिक निवडणुकांपासून याच तत्त्वावर राज्यभर तपासणी सुरू केली. कोणत्या मतपत्रिका तपासावयाच्या हे कोणाला आधी ठाऊक असू नये म्हणून तेथे लोकांसमोर दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकले जातात आणि त्या अंकांवरून निवड होते. आपल्याकडे फाशांनी राज्य गेल्याची कथा पोराबाळांना ठाऊक आहे; फाशांचा असाही उपयोग असतो हे वाचून आम्हांस मौज वाटली.

तपासणी नियमाने, निकाल जाहीर होण्यापूर्वी, आणि कोणी मागो वा न मागो, झाली पाहिजे. हे तिन्ही न पाळल्यास काय होते त्याची दोन उदाहरणे आहेत. अ‍ॅरिझोना राज्यातील मॅरिकोपा परगण्यात २०२० च्या निवडणुकीची मते पराभूत पक्षाच्या विधिमंडळ सदस्यांनी स्वतः नेमलेल्या खाजगी मंडळींनी २०२१ मध्ये कित्येक महिने मोजली. शेवटी विजयी उमेदवाराचीच ९९ मते वाढून निघाली. तरीही ज्यांनी विश्वास ठेवावयाचा नाही असे ठरविले होते त्यांचा विश्वास बसला नाही. दुसरे उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीचे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावची मते जशी पडावयास हवी होती तशी यंत्रात दिसत नाहीत असे गावकऱ्यांना वाटले. त्या मतदारसंघात त्यांचाच उमेदवार निवडून आला होता, तरीही त्यांना तसे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकांवर गावापुरते पुन्हा मतदान घ्यावयाचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. गावकऱ्यांचा मार्ग योग्य होता असे आम्ही म्हणणार नाही. दोन आठवड्यांनी उघड्यावर घेतलेले मत हे गुप्त मताची कसोटी होऊ शकत नाही. परंतु त्या केंद्रांच्या चिठ्ठ्या सरकारच्याच ताब्यात होत्या. गावातील चार जाणत्यांना समोर बसवून त्या मोजावयास एक सकाळ पुरली असती. ती मोजणी करण्याचा नियम नव्हता, आणि पोलीस पाठविण्याचा होता.

राज्य आयोगाने आणि विधिमंडळाने आता काय करावे, ते सांगावयास फार विद्वत्ता नको. पालिकेच्या प्रत्येक मतामागे कागदाची चिठ्ठी असावी. चार जागांच्या प्रभागात चार चिठ्ठ्या निघतील किंवा एकाच लांब चिठ्ठीवर चारही नावे निघतील, ते तंत्रज्ञांनी ठरवावे. विंडमसारख्या गावाला चार जागांचा कागद सांभाळता येतो तर पुण्याला तो सांभाळता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मोजणीच्या दिवशी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर केंद्रांच्या चिठ्ठ्या उचलाव्यात, त्या केंद्रांचे कागद हाताने मोजावेत आणि मेळ बसल्यावरच निकाल उच्चारावा. मताधिक्य एका केंद्रावरील मतांहून कमी असेल तेथे सगळ्या प्रभागाचे कागद मोजावेत. प्रत्येक केंद्रावर कोणास किती मते पडली याचा तक्ता त्याच संध्याकाळी जाहीर व्हावा, म्हणजे लेखणीच्या चुका निदान वाचणाऱ्यांना तरी दिसतील. याला खर्च येईल, वेळ लागेल, निकाल दुपारऐवजी रात्री लागतील आणि दूरचित्रवाणीवाल्यांची गैरसोय होईल. त्यांनी ती सोसावी.

आणि चार जागांचे यंत्र तयार होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मुंबईत एखाद्या नगरसेवकाची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक येईल. प्रभाग एकसदस्यीय, केंद्रे मोजकी, आणि मोजणीला बसावयास पालिकेच्याच शाळांतील शिक्षक. त्या एका प्रभागापुरती यंत्रे व चिठ्ठ्यांच्या पेट्या राज्य आयोगाने केंद्रीय आयोगाकडे लेखी मागाव्यात, आणि आलेले उत्तर, होकाराचे असो वा नकाराचे, जसेच्या तसे प्रसिद्ध करावे. नकार आला तर तो कोणी आणि कोणत्या कारणाने दिला, हे त्या प्रभागातील मतदारांस मतदानापूर्वी कळले पाहिजे.